बुरशीचा आळ

मी लेन्स बोलतेय. चष्म्यातली नव्हे, डोळ्यांत घालतात ती तर नव्हेच नव्हे. कॅमेऱ्याच्या तोंडावर बसते ती. मुठीएवढी, काळीभोर, हाताला चांगली जड लागणारी. वडगाव निंबाळकरच्या सोमनाथरावांची मी लेन्स, आणि सध्या उलटी लावलेली. हो, उलटीच. कॅमेऱ्यात बसवायचं ते बूड जगाकडे आणि तोंड कॅमेऱ्याकडे. ह्या वयात ही पाळी माझ्यावर का आली, ते ऐकायचं असेल तर बसा. नसेल ऐकायचं तर मोबाइल आहेच तुमच्या हातात, बघा त्यात दुसऱ्यांची जेवणं.

माझा जन्म परदेशातला. पण त्याचं मी कधी कौतुक सांगत बसत नाही, तुमच्याकडे बारामतीला जाऊन आलेले लोकसुद्धा आठवडाभर तेच सांगत असतात. पुण्यातल्या एका दुकानाच्या कपाटात मी दोन वर्षं बसून होते. मग एक दिवस वडगावाहून एक तरणाबांड माणूस आला, त्यानं मला नवाकोरा टॉवेल गुंडाळला आणि एसटीत मांडीवर घेऊन घरी आणलं. त्याच उन्हाळ्यात त्यांचं लग्नही झालं. भागुबाई आल्या वऱ्हाडाच्या ट्रकमधून, फाळक्याला धरून, उभ्यानं. मी आले मांडीवर बसून. घरात मान कोणाचा मोठा, हे तेव्हाच ठरलं होतं, अशी माझी समजूत.

पुढं मुलगी झाली, तिचं नाव मेघना. दुकानाच्या पाटीवरही ‘मेघना फोटो स्टुडिओ’ असं रंगवलं. रिळाचे कॅमेरे गेले, कार्डाचे आले. सोमनाथरावांनी तीन कॅमेरे बदलले, मी एकच.

तीस वर्षं लग्नं बघितली मी. काय एकेक माणसं! फोटो म्हटलं की पोट आत, मान वर, आणि जन्मात कधी नव्हे तो चेहऱ्यावर सज्जनपणा. बांधावरून बारा वर्षं न बोललेले भाऊ एकमेकांच्या खांद्यावर हात टाकायचे, आणि क्लिक झालं की हात असा काढायचे जणू इस्तवाला लागला. नवरीचा एक मामा प्रत्येक फोटोत असायचाच. आणि सगळ्यांची मागणी एकच: ‘जरा गोरा काढा.’ जसं काही रंग माझ्या डबीत भरून ठेवलाय.

ह्या सगळ्यांना सोमनाथराव एकच मंत्र द्यायचे. एक डोळा मिटायचा, डावा हात वर करायचा आणि मांडव हलेल अशा आवाजात म्हणायचं, “हालू नका!” आमदार असो की आचारी, सगळे जागच्या जागी थिजायचे. पंचक्रोशीत त्यांचं नावच पडलं होतं, हालूनका फोटोवाले.

आणि मग इंदापूरचं लग्न आलं.

विजयसिंहांची राजलक्ष्मी, एकुलती एक लेक. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली आला, नवरानवरीनं एकमेकांना पहिल्यांदा बघितल्यासारखं केलं. (सहा महिने रोज फोनवर बोलत होती दोघं, पण ते असो.) सोमनाथरावांनी मला रोखलं, “हालू नका!” म्हणाले. कोणी हाललं नाही. मीच हालले. म्हणजे मला हालवलं. त्यांचा उजवा हात माझ्याखाली थरथरत होता, भाकरी थापताना परात थरथरते तसा.

आठ दिवसांनी विजयसिंह अल्बम घेऊन दुकानात आले. “सोमनाथराव, माझ्या पोरीला नाकं दोन कशी आली हो?”

सोमनाथरावांनी फोटो बघितला. मग हात बघितला. मग तोच हात झटकन टेबलाखाली घेतला आणि दुसऱ्या हातानं मला उचलून उजेडात धरलं. “काय करायचं, विजयसिंह... लेन्सला बुरशी लागली. जुनी झाली वो.”

बुरशी! मला! तीस वर्षं जिला तांदळाच्या डब्यात ठेवून दमट हवेपासून राखलं, जिला सुती धोतराच्या मऊ तुकड्याशिवाय कशानं पुसलं नाही, तिला बुरशी! करून करून भागला आणि काचेच्या नावानं लागला. मला तोंड असतं तर तिथंच भर दुकानात सांगितलं असतं. पण मला फक्त डोळा दिलाय.

त्या वर्षी स्टुडिओचं शटर खाली आलं ते आलंच. विचारणाऱ्याला उत्तर तयार: “आता पोरं ड्रोन उडवत्यात, आपलं काम न्हाय ते. आनि लेन्सलाबी बुरशी हाय.” गावभर माझी बदनामी. मला ओळखत नाहीत अशी माणसंसुद्धा माझ्या बुरशीबद्दल हळहळायची.

घरी बसलेल्या माणसानं काय करावं? भजन करावं, पारावर बसून राजकारण करावं. आमच्या रावांनी छंद घेतला, फुलपाखरांचे फोटो काढण्याचा! ज्याचा हात थरथरतो त्यानं सुईत दोरा ओवायची शर्यत लावावी, तसला प्रकार.

घरामागं परसबाग आहे. एक लिंबू, दोन कढीपत्ते, कुंपणाला रुई, बाकी झेंडू न् सदाफुली. भागुबाईंनी लावलेली, पाणीही त्याच घालतात. फुलपाखरांना तिथं काही कमी नाही. सोमनाथराव पहिल्या दिवशी तिथं लग्नाच्या तयारीनं उतरले. भगवा झब्बा, अंगावर अत्तर, कॅमेऱ्यावर फ्लॅश, वेळ भर दुपारी बाराची. झेंडूवर एक केशरी फुलपाखरू बसलं होतं. राव त्याच्यासमोर ताठ उभे राहिले, डावा हात वर केला आणि ओरडले, “हालू नका!”

फुलपाखरू शेजारच्या उसात गेलं. ते आमदारापेक्षा शहाणं निघालं.

महिनाभर हेच चाललं. जे फोटो मिळाले त्यात फुलपाखरू हरभऱ्याएवढं, आणि मागं दोरीवर वाळणारी बनियन मात्र ऐटीत. मेघना बारामतीत राहते, एमआयडीसीतल्या एका डेअरीत दूध तपासायच्या प्रयोगशाळेत आहे, रविवारी स्कूटीवर घरी येते. तिनं ते फोटो बघितले आणि हसू दाबत म्हणाली, “आप्पा, बनियन झकास आलीय.”

पुढच्या रविवारी ती एक पातळ रिंग घेऊन आली. “आप्पा, ह्या रिंगनं जुनी लेन्स उलटी करून लावली की बारीक वस्तू मोठी दिसते. आपण लेन्स उलटी करू.”

स्वयंपाकघरातून भागुबाई धावत आल्या, हातात आल्याचा तुकडा. “कुनाला उलटी झाली? काय खाल्लं व्हतं?”

“आय, लेन्सला!” मेघना म्हणाली.

“मग तिला आलं नको?” भागुबाईंनी विचारलं, आणि दोघी मायलेकी पोट धरधरून हसल्या. हसा. माझं डोकं कॅमेऱ्यात कोंबलं आणि बूड उघडं टाकलं, त्यात हसण्यासारखं तुम्हाला सापडलं, भाग्य तुमचं.

पण खोटं कशाला बोलू? उलटी झाल्यावर मला जे दिसलं ते सुलटीला जन्मात दिसलं नव्हतं. फुलपाखराच्या पंखावर कौलं असतात, ठाऊक आहे तुम्हाला? बारीक बारीक, एकावर एक शाकारलेली. डोळा म्हणजे जाळीदार गोळा, आणि मिशीच्या टोकाला चिकटलेला परागाचा कण हळकुंडाएवढा दिसतो. तेव्हापासून मला जरा गर्वच झाला. म्हटलं, आता ह्या घरातलं काही म्हणजे काही आपल्या नजरेतून सुटायचं नाही.

मेघनानं बापाला एकेक सवय सोडायला लावली. फ्लॅश बंद, अत्तर बंद. भगव्या झब्ब्याऐवजी जुना मातकट सदरा. दोरीवरचे कपडे दुसरीकडे. “दुपारी न्हाई आप्पा, सकाळी सातला जायचं. त्यांचं अंग तवर थंड असतं, उन्हाला पंख पसरून गप बसत्यात. आपली सावली त्यांच्यावर पाडायची नाही. वरून नाही काढायचा फोटो, गुडघ्यावर बसून त्याच्या डोळ्याच्या उंचीवर यायचं. पंख जसा असेल तशी लेन्स समोर सपाट धरायची, न्हाईतर एक टोक साफ आणि दुसरं धुकट. आणि काही झालं तरी डोळा साफ यायला पाहिजे.”

साठीला टेकलेला माणूस लेकीपुढं पाटी-पेन्सिल घेतल्यासारखा शिकला. मान्य करते, मला नवल वाटलं. पण सगळं सुधारलं तरी फोटो काही सुधारेना. कारण उलट्या लेन्सचं गणितच वाकडं. साफ दिसतं ती पट्टी केसाएवढी. ती वाढवायला उजेड आत घ्यायचं माझं भोक बारीक करावं, तर उजेड कमी. उजेड कमी झाला की हात स्थिर हवा. लग्नात वीतभर हाललेलं खपून जातं, इथं केसभर हाललं की फुलपाखराच्या शेवया होतात.

“आप्पा, स्टँड लावू या का?” मेघनानं विचारलं.

“स्टँड शिकाऊ पोरं लावत्यात.” राव फणकारले. “माझ्या हाताला काय झालंय? बुरशी हाय लेन्सला.”

रोज सकाळी भागुबाई परसात चहा आणून द्यायच्या. कप कसा, तर अर्धा. घरात दोन म्हशी, दूध कॅनमधून जातंय, आणि नवऱ्याच्या कपात मोजून अर्धा चहा! मी दोन वर्षं बघत होते. काय चिकट बाई आहे, म्हणायचे मी मनात. ट्रकमधून उभ्यानं आल्याचा राग असा काढतेय की काय कोण जाणे.

आणि मग बारामतीत निसर्गप्रेमी मंडळींचं प्रदर्शन निघालं. आपल्या दारातली फुलपाखरं, असा विषय. मेघनानं बापाचं नाव परस्पर देऊन टाकलं. सोमनाथरावांचा चेहरा असा खुलला की मला राजलक्ष्मीच्या लग्नाआधीचे राव आठवले. प्रदर्शनाला द्यायच्या एका फोटोवर त्यांची सगळी भिस्त होती. हा नीट आला की गावात पुन्हा फोटोवाले म्हणून मान वर करून हिंडता येणार होतं. नाही आला, तर शटर कायमचं बंद, आतलंसुद्धा. त्या रात्री जेवताना ते म्हणाले, “फकस्त ही बुरशी तेवढी निघाली पायजे.”

“मी दाखवून आणते की दुरुस्तीवाल्याला,” मेघना म्हणाली.

रावांचा घास हातातच राहिला. नाही म्हणायला तोंड नव्हतं, स्वतःच लावलेली बुरशी! मी मात्र खूश. म्हटलं, चला, आता होऊ दे दूध का दूध. दूध तपासणारीच्याच हाती लागलेय.

बुधवारी कामावरून सुटल्यावर मेघना मला बारामतीच्या दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेली. संदेश त्याचं नाव. त्यानं मला बॅटरीच्या उजेडात धरलं, आरपार बघितलं, फिरवून बघितलं. “ताई, बुरशी कुठाय? काच कशी आत्ता धुतल्यावानी हाय. कुनीतरी जिवापाड जपलीय हिला.”

वाजवा रे ताशे! कोणी आहे का तिथं? ऐकताय ना वडगावकर?

मेघनानं मोबाइलवर रावांचे फोटो दाखवले. संदेशनं ते बोटांनी मोठे केले. “हे बघा, सगळं एकाच अंगानं फरफटलंय. बुरशी असती तर नुसतं धुकं दिसलं असतं. हा हात थरथरतोय. कोन काढतं हे फोटू?”

“माझे आप्पा,” मेघना म्हणाली.

संदेशनं मला मऊ फडक्यात गुंडाळलं आणि कामाचं काही घेतलं नाही. घरी जाताना मेघनानं रस्त्याकडेला स्कूटी थांबवली आणि तेच फोटो पुन्हा एकेक करून बघितले. कारखान्यांची पाळी सुटली होती, मोटारसायकलींची रांग तिच्या बाजूनं जात होती. माझा आनंद जरा कमी झाला, ते का ते कळलं नाही.

शनिवारी ती वडगावला आली. सोमनाथराव दारातच. “काय म्हनला? निघाली का बुरशी?”

मेघनानं बापाकडे बघितलं. मग म्हणाली, “व्हय आप्पा. थोडी होती कडेला. काढली त्यानं.”

खोटारडी! बापावर गेलीय नुसती! माझी सुटका करायची सोडून आळ पक्का केला की पोरीनं. मला तर वाटलं, बॅगेतून टुणकन उडी मारावी आणि फुटून जावं. पण भल्यासाठी बोललेलं खोटं कधीकधी खऱ्यापेक्षा जोरात लागतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

रविवार, सकाळचे सात. लिंबाच्या खालच्या फांदीवर पिवळं-काळं फुलपाखरू नुकतंच कोशातून बाहेर आलेलं, पंख वाळवत बसलेलं. वारा नाही. ऊन कोवळं. सोमनाथराव गुडघ्यावर बसले, सावली बाजूला ठेवली, मला पंखासमोर सपाट धरलं, श्वास रोखला. अगदी हळू, स्वतःशीच पुटपुटल्यासारखं म्हणाले, “हालू नका.”

फुलपाखरू हाललं नाही. सोळा फोटो काढले. सोळाही हालले.

रावांनी एकेक फोटो मोठा करून बघितला. मी वाट बघत होते, आता म्हणतील, बुरशी. पण बुरशी तर कालच निघाली होती! लेकीनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. लपायला जागाच उरली नव्हती त्यांना. ते उठून धुण्याच्या दगडावर बसले, मला मांडीवर घेतलं. एसटीत घेतलं होतं तसं. उजवा हात समोर धरला. तो थरथरत होता आणि ह्या वेळी त्यांनी तो लपवला नाही.

“मेघे,” ते म्हणाले, “बुरशी कवाच न्हवती. माझा हात हालतोय. तीन वर्सं झाली.”

मेघना दारात उभी होती. “मला कळलंय आप्पा,” ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

“तुझ्या आयला सांगू नगंस.”

“काय सांगू नको?” भागुबाई मागंच होत्या, हातात चहा. अर्धा कप. त्यांनी कप नवऱ्यासमोर धरला. “ह्यो बघा. दोन वर्सं झाली, अर्धाच भरतीय म्या. भरला की तुमच्या हातनं सांडतो, आनि सांडला की तुमी माझ्याकडं चोरावानी बघता. मला न्हाय बघवत ते. म्हनून अर्धा.”

फुलपाखराच्या मिशीवरचा परागकण बघणारी मी! दोन वर्षं माझ्यासमोर तो कप येत होता आणि मी बाईला चिकट म्हणत होते. लाज वाटली हो मला. उघड्या बुडाची वाटली नव्हती इतकी वाटली.

“मग बोलली का न्हाईस?” रावांनी विचारलं.

“तुमी त्यो आळ लेन्सवर घालत व्हता. म्हटलं घालू द्या,” भागुबाई म्हणाल्या. “तिला काय लागतंय? ती बिचारी कुठं बोलतीय!”

घ्या. म्हणून बोलले.

पुढचं सगळं भागुबाईंनीच केलं. आत गेल्या, उशीच्या जुन्या अभ्र्यात दोन शेर शाळूची ज्वारी भरली, तोंड शिवलं, लिंबाखाली घमेलं पालथं घातलं आणि त्यावर ती पिशवी ठेवली. “शिकाऊ पोरांचा स्टँड नगं ना? मग हिच्यावर ठिवा. तान्ह्या लेकराचं डोकं बसावं म्हनून मोहरीची उशी करत्यात, तशी बसंल ती.” मेघनानं टायमर लावून दिला. बटण दाबायचं, हात बाजूला घ्यायचा, दोन सेकंदांनी कॅमेरा आपोआप फोटो काढतो. मी शाळूत अशी रुतून बसले की भूकंप आला असता तरी हलले नसते.

फुलपाखरू अजून तिथंच होतं. त्याला आमच्या घरातली भानगड बहुतेक शेवटापर्यंत ऐकायची होती. रावांनी बटण दाबलं, हात मागं घेतला आणि सवयीनं तोंड उघडलं.

“हालू नका,” भागुबाई त्यांना म्हणाल्या.

तो फोटो बारामतीच्या प्रदर्शनात लागला. डोळ्याची जाळी, पंखांची कौलं, सगळं साफ. बक्षीस नाही मिळालं. ते एका नाकतोड्याला मिळालं. ‘दारातली फुलपाखरं’ विषय असताना नाकतोड्याला बक्षीस, परीक्षकांच्या काचा कोणीतरी संदेशकडे पाठवा. पण इंदापूरहून विजयसिंह आले होते. फोटोपुढं उभे राहिले आणि म्हणाले, “वा, सोमनाथराव! बुरशी निघाली म्हणायची लेन्सची.”

चार माणसं होती भोवती. सोमनाथरावांनी उजवा हात खिशातून काढला. “लेन्सला बुरशी कवाच न्हवती, विजयसिंह. माझा हात थरथरतो. तुमच्या पोरीचा फोटू म्या घालवला. तिला सांगा, माफ कर म्हनावं.”

विजयसिंहांनी तोच हात दोन्ही हातांत धरला आणि सोडला नाही.

तर वाचकहो, ही माझी हकिकत. आता राव बारामतीच्या डॉक्टरकडे जातात, गोळ्या घेतात, हात थोडा कमी हालतो. मी उलटीच आहे आणि शाळूच्या पिशवीवर माझं बरं चाललंय. तुम्हाला एकच सांगते: फोटो बिघडला तर काच पुसायच्या आधी स्वतःचा हात बघा. आणि घरात कोणी तुमचा कप अर्धा भरत असेल, तर त्याला चिकट म्हणण्याआधी जरा थांबा.

आमच्या घरात मात्र आता कप काठोकाठ भरतो. रावांनीच सांगितलं, “भर पुरा. सांडला तर सांडला.” सांडतोच. बशीत सांडतो, सदऱ्यावर सांडतो, दोघं हसतात. परवा त्यातला एक थेंब उडून माझ्या उघड्या काचेवर पडला आणि तसाच वाळला. राव म्हणाले, डावा कोपरा जरा धुकट येतोय, डोळे गेले वाटतं माझे.

डोळे नाही गेले. ह्या वेळी डाग खरंच माझ्यावर आहे. पण मी काही बोलणार नाही.